ती पोटुशी नव्हती

जात्यावर आम्ही दोघं बसलो होतो. समोरासमोर. खुंट्याला दोघांचेही हात. तांदूळ दळत होतो. शेलारची चक्की तीन दिवस बंद पडलेली, घरात भाकरीला पीठ नाही. बाप्या माणसानं जात्याला हात लावायचा नाही, असं तेव्हा गावात होतं. मी लावला. शेजारची काकू दारावरून जाता जाता बोलली, "काय रं, लूम सोडलास काय? आता लुगडं नेस म्हंजे झालं."

चांगुणा हसली. माझी बायको. एकोणीस वर्षांची. हसताना तोंडावर पदर घेतला, आणि मग तोच हात खाली नेऊन पोटावर ठेवला. जातं थांबलं.

"अवो," ती म्हणाली, "ह्ये हालत न्हाय."

"काय हालत न्हाय?"

"पोर. कधीच हाललं न्हाय."

आम्ही मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. पीठ अर्धंच राहिलं. मी पॉवरलूमवर रात्रपाळी करून आलो होतो, अंघोळही केली नव्हती. तसाच तिला सायकलच्या कॅरियरवर बसवली आणि भिवंडीला नेली, निजामपुऱ्यात, डॉक्टरकडे. त्याच्यानंतर आमचा एकही दिवस साधा गेला नाही.

डॉक्टरचं नाव मी घेत नाही. मोठा माणूस. शेठ लोकांच्या घरी त्याचं जाणं-येणं. दवाखान्यात दोन बाक होते. एकावर बरे कपडे घातलेली माणसं बसायची, दुसऱ्यावर आम्ही. पाटी नव्हती लावलेली. सगळ्यांना ठाऊक होतं.

कंपाउंडर मला बघून ओरडला, "ए लूमवाला, बाहेर जाऊन झटक आधी. रुई घेऊन आत येतोस!"

रात्रभर लूमवर उभं राहिलं की कापसाची रुई केसात बसते, भुवईवर बसते, कानात जाते. पांढरा होतो माणूस. मी बाहेर गेलो. रस्त्यावर उभं राहून डोकं झटकलं. सदरा काढून झटकला. येणारीजाणारी बघत होती. मग आत आलो.

डॉक्टरनं मान वर केली नाही. "काय झालं आता?"

"साहेब, पोर हालत न्हाय म्हणते."

"कितवं?"

"पहिलंच."

"मग हलणं म्हणजे काय ते हिला काय माहीत?"

कंपाउंडर फिसकन हसला. चांगुणा खाली बघत होती. माझी बायको कुणापुढं बोलणारी नव्हती. पण त्या दिवशी बोलली. अगदी हळू. "साहेब, एकदा हात लावून बघा ना."

तेव्हा त्यानं मान वर केली. "डॉक्टर तू का मी?"

त्यानं पेन टेबलावर आपटलं.

"लघवीची तपासणी मुंबईहून झालेली आहे. पोट आहे असा कागद आलाय. आता तो कागद खोटा आणि तू खरी? जुळं असेल म्हणून पोट मोठं. कामं टाळायची नाटकं ही. तुमच्यातल्या बायकांना पहिल्या पोटाला फार लाड सुचतात." मग माझ्याकडं बघून, "तू तरी शहाणा हो. बायकोच्या पदराला धरून फिरतोस."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "व्हय साहेब."

म्हातारा झालो. दात गेले, एका डोळ्यानं दिसत नाही. पण ते 'व्हय साहेब' माझ्या तोंडातून गेलेलं नाही. अजून आत आहे.

ती आमची तिसरी खेप होती. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला महिना चुकून काही दिवस झाले होते आणि उजव्या अंगाला खाली दुखत होतं. आत गोळा लागतो म्हणायची. डॉक्टरनं बाटलीत लघवी घेतली, मुंबईला पाठवली. कागद आला. पोट आहे. आम्ही पेढे वाटले. दुखण्याचं विचारलं तर म्हणाला, पहिलं आहे, दुखणारच. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिसराच महिना, पण पोट सहाव्या महिन्याचं दिसायचं. तेव्हा म्हणाला, जुळं. तेही कागदावर लिहून दिलं, लालसर टॉनिक दिलं. तीनही खेपांना त्यानं टेबलाच्या पलीकडून औषध दिलं. नाडीसुद्धा कंपाउंडरनं धरली.

कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात का नाही नेली? आणीबाणी नुकतीच उठली होती. गावातल्या गड्यांना गाडीत घालून नेऊन नस कापून आणलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की बायका पोरांना घेऊन घरात शिरायच्या. पहिलटकरीण बाईला तिथं कोण नेणार? म्हणून त्याच्याकडं. तो शिकलेला. तो भिंतीवर काचेत कागद लावून बसलेला. त्याच्यावर आमचा देवासारखा विश्वास.

तिसऱ्या खेपेहून घरी आलो तर माझ्या आईनं डोहाळजेवणाचा घाट घातला. पाचवाच महिना होता. पण डॉक्टर जुळं म्हणाला, जुळं लवकर येतं, म्हणून आधीच करू म्हणाली. आजूबाजूच्या बायका जमल्या. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, फुलांची वाडी. चांगुणेला पाटावर बसवली. पोट नवव्या महिन्यासारखं, आणि हातपाय मात्र काटक्यांसारखे वाळलेले. गालाची हाडं वर आलेली. बायका गाणी म्हणत होत्या. कुणाला दिसलं नाही असं नाही. सगळ्यांना दिसलं. पण कागद होता.

त्याच दिवशी आईनं सोमीआजीला बोलावलं होतं, तेल लावायला. सोमीआजी आमच्या गावाची सुईण. कातकरी. माळाच्या वरच्या वाडीवर राहायची. मी तिच्याच हातावर जन्मलो. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, पण तिला पाणी द्यायचं तर ओंजळीत, वरून. आमच्या घरीही तसंच. आम्ही कुणबी, आम्हीही कुणाच्या तरी वरच्या बाकावर बसलेले होतो. तेव्हा मला ते कळत नव्हतं.

सोमीआजीनं पडवीत चांगुणेला आडवं केलं, तेल घेतलं, पोटावर हात फिरवला. आणि हात थांबला. पुन्हा फिरवला. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, खाली. कान लावला. मग तेलाची वाटी बाजूला सारली.

"ह्ये पोर न्हाय," ती म्हणाली.

गाणी बंद झाली. आई म्हणाली, "काय बोलतेस गं भलतंच?"

"डोकं लागत न्हाय, पाठ लागत न्हाय. दगडावानी हाय. पोर असतं तं माझ्या हाताला लाथ मारली असती. मुंबईला ने हिला. तेल न्हाय लावायची मी."

भरल्या ओटीच्या बाईला असं बोलली. माझं डोकं फिरलं. मी पुढं झालो, तिचं तेल अंगणात उडवलं. आणि ओरडलो, "तू डॉक्टर हायस का? डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं? ऊठ! चालती हो!"

ती उठली. गुडघे धरून उठली, म्हातारी होती. "डागदर न्हाय मी," म्हणाली. "हात हाय माझा." आणि माळाकडं चालू लागली.

डॉक्टरनं जे शब्द माझ्या बायकोला वापरले, तेच मी तिला वापरले. चार दिवसही झाले नव्हते. त्याच्या दवाखान्यात मान खाली घातली आणि माझ्या पडवीत येऊन त्याचं तोंड लावलं. हे लिहायला नको वाटतं. पण लिहितो. नाही लिहिलं तर मी त्याच्याहून वेगळा कसा?

चांगुणा पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती.

पुढं दहाएक दिवसांनी ती मोरीत पडली. ओकाऱ्या, घाम, पोट लाकडासारखं कडक. चौथी खेप. टांग्यातून नेली. डॉक्टर जेवायला बसला होता. बाहेर येऊन दारातूनच बघितलं. "खोट्या कळा आहेत. सुई देतो. झोपव." दिली. चौथ्या खेपेलाही हात लावला नाही.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. माझ्या शेजारच्या दोन लूम एक चाचा चालवायचे. आझमगडकडचे. अर्धं आयुष्य त्यांनी भिवंडीत काढलेलं. धागा तुटला तरी मला कळेना, हे बघून त्यांनी पट्टा सरकवून माझी लूम बंद केली. मी सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, "चार बार गया और उसने हाथ नहीं लगाया?"

"नहीं लगाया."

"अबे, हम थान लेते हैं तो पहले हाथ फेरते हैं. वो आदमी का पेट बिना हाथ फेरे पास करता है? उठ. मुंबई ले जा. तेरी शिफ्ट मैं देखता हूँ."

कापडाचं थान आणि माझी बायको. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. इतका मठ्ठ होतो मी.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. चष्मा, सुती साडी, डोळे झोपेनं सुजलेले. तिनं काही विचारायच्या आधी चांगुणेच्या पोटावर हात ठेवला. मग लाकडी कर्णा लावून बराच वेळ ऐकलं. एका जागी, दुसऱ्या जागी. कर्णा काढला आणि माझ्याकडं बघितलं. मला तिथंच कळलं. नंतर फोटो काढला. पोटात पोराचं एक हाड नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, पण कागद हाय. लघवीची तपासणी."

तिनं मला बाकावर बसवलं. स्वतःही बसली, माझ्याच बाकावर. म्हणाली, "दादा, बाईच्या अंडाशयात बीजं असतात. त्या बीजांच्याच पेशी कधी बिघडतात आणि त्यांची गाठ होते. फार क्वचित होते. आणि होते ती अशा कोवळ्या पोरींनाच जास्त. यातली एखादी गाठ अशी असते की गर्भ राहिल्यावर रक्तात जे उतरतं, तेच ती सोडते. मग पाळी थांबते. लघवीची तपासणी फसते. पोट आहे असंच येतं."

"मग कळायचं कसं?"

"हात लावून," ती म्हणाली. "हातानं शंका येते. ठोके ऐकायचे. नाही आले तर फोटो. पोट दिवसांपेक्षा जास्त वाढतंय, एका बाजूला दुखतंय, पोर हलत नाही. एवढं पुरतं पुढं पाठवायला."

"पहिल्या खेपेला कळलं असतं तर?"

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "तेव्हा लहान असती. काढता आली असती. नक्की वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण संधी होती."

संधी होती. हलक्या आवाजात बोलली ती. माझ्या छातीत मात्र लूमचा धोटा सुटून लागावा तसं लागलं.

पोट उघडलं आणि परत शिवलं. सगळीकडं पसरलं होतं. चांगुणेला शुद्ध आल्यावर मी तिला खरं सांगितलं. माझं मला सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाकडून नको. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सांगत व्हते."

तेवढंच. राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी मोठे साहेब आले. मागं दहाबारा शिकाऊ पोरं-पोरी, पांढऱ्या कोटात. साहेब इंग्रजीत बोलत होते. मी चौथी शिकलेला, मला काय कळणार? पण इंग्रजीच्या मधे एक शब्द आला. डोहाळजेवण. साहेबांनी चांगुणेच्या हातातल्या हिरव्या चुड्याकडं बोट केलं, परत म्हणाले, डोहाळजेवण, आणि पुढं ट्यूमर. पोरं हसली. सगळी नाही. पण हसली.

चांगुणेनं हात चादरीत घेतला.

मग साहेब माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "तुम्ही लोक ना, सगळं संपल्यावर येता. गाठीला ओवाळत बसता. अंधश्रद्धा."

माझ्या खिशात चार कागद होते. चारी खेपांचे, डॉक्टरच्या सहीचे. मी ते काढले आणि खाटेवर, तिच्या पायाशी, एकेक करून ठेवले.

"एक," मी म्हटलं. "दोन. तीन. चार. चार वेळा गेलो साहेब. ती सांगत व्हती, पोर हालत न्हाय. हात लावा म्हणाली. लावला न्हाय. डोहाळजेवण आम्ही देवाला विचारून न्हाय घातलं. तुमच्यातल्या माणसाच्या कागदावर घातलं. हसायचं तर त्या कागदाला हसा. तिला न्हाय."

जन्मात मी कुठल्या साहेबापुढं एवढा बोललो नव्हतो. वॉर्डातल्या सगळ्या खाटा ऐकत होत्या. साहेब म्हणाले, "आवाज खाली."

"न्हाय करनार. ह्या केसपेपरावर काय लिवलंय? उशिरा आली असं लिवलंय ना? ते खोडा."

"आता ते लिहून काय फरक पडतो?" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

डॉक्टरीणबाई मागं राहिली. तिनं केसपेपर घेतला, ओळ खोडली आणि वर लिहिलं. मला वाचून दाखवलं, मराठीत करून. चार वेळा दाखवले होते, तपासणी झाली नाही. चांगुणा ऐकत होती. तिनं मान हलवली. पोट उघडल्याच्या आठव्या दिवशी, दुपारी, ती गेली.

गावात आणली. संध्याकाळी नदीवर नेली. अग्नी दिला, परत निघालो, तर चुलता मागं राहून वाटेवर काहीतरी टाकत होता. मूठमूठ. मी बघितलं. राळ्याचे दाणे.

पोटुशी बाई मेली की ती हडळ होते आणि घराकडं येते, असं आमच्यात मानतात. वाटेवर राळे टाकले की ती ते दाणे वेचत बसते, घरापर्यंत पोचत नाही.

"काका, काय करताय?"

"पोटुशी गेली रं. घरात लहान पोरं हायत."

"पोटुशी न्हवती ती. गाठ व्हती. फोटो काढला मुंबईला."

"तुझ्याच डॉक्टरनं लिवून दिलंय ना? अख्ख्या गावानं जेवन खाल्लंय. आता न्हाय म्हंतोस?" आणि पुढची मूठ टाकली.

माझ्या बायकोला मेल्यावरही कुणी खरं मानेना. जिती असताना म्हणाली, पोर हालत नाही. कागद म्हणाला, पोर आहे. मेली, तरी कागदच खरा. त्या कागदानं तिला हडळ केली.

वाटेच्या कडेला, सगळ्यांपासून लांब, सोमीआजी उभी होती. कुणी तिला बोलावलं नव्हतं. मी गेलो आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या जातीच्या माणसांनी बघितलं. बघू दे. मी बोलायला लागलो, आजी, तू सांगितलंस, मी तुला...

तिनं मला उठवलं. तेच हात. "मला नको सांगू," म्हणाली. "मला म्हायीत हाय. त्या डागदरला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दार उघडलं तर उंबऱ्यात खिळा होता. लोखंडी, वीतभर, डोक्यापर्यंत ठोकलेला. ती आत येऊ नये म्हणून. तिच्याच घरात. आई चुलीपाशी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी पहार आणली आणि खिळा काढला. लाकूड फाटलं. आई म्हणाली, "सुतक हाय. भायर जाऊ नको." मी गेलो. खिळा खिशात घालून चालत गेलो भिवंडीला.

दवाखाना नुकताच उघडला होता. दोन्ही बाक भरलेले. आमच्या बाकावर दोन बायका पोटुशा होत्या. मी कंपाउंडरला न विचारता आत गेलो आणि डॉक्टरला म्हटलं, "चांगुणा मेली. पोट नव्हतं. गाठ होती. तुम्ही तुमच्या हातानं लिहून द्या की पोट नव्हतं. मला गावाला दाखवायचंय."

त्यानं मला ओळखलं. चेहऱ्यावरून कळलं. पण म्हणाला, "कोण चांगुणा? असं लिहून देत नसतात. बाहेर बस."

मी बाहेर आलो. बसलो नाही. भिंतीला नवा निळा रंग होता. चौथीपर्यंतचं लिहिणं मला येत होतं. मी खिळ्यानं भिंत कोरायला घेतली. मोठी अक्षरं. रंग उडाला, चुना उडाला, खालची वीट लागली. चांगुणा. पोटुशी नव्हती. गाठ होती. चार वेळा आली. हात लावला नाही.

कंपाउंडर धावत आला, दंड धरला. मी त्याला ढकलला. बाकावरची एक बाई दुसरीला विचारत होती, काय लिवलं गं? तिला वाचता येत नव्हतं. मग मी मोठ्यानं वाचलं. पहिल्यापासून. दोन्ही बाकांना ऐकू जाईल असं. आणि त्या दोघींना म्हटलं, "हात लावल्याबिगर उठू नका. हाकललं तरी उठू नका."

डॉक्टर दारात आला. पोलिसात देईन म्हणाला. भिंत उद्याच रंगवून घेईन म्हणाला.

मी म्हटलं, "रंगव. परवा परत येईन. खिळा माझ्याकडं हाय."